नाव नसलेलं बोंडलं

“...आणि हे कोण म्हणतं?”

शलाका थांबली. वाचता वाचता तिचं बोट त्या ओळीवरच राहिलं.

“कोण म्हणजे, बुवा?”

“आत्ता वाचलंस ना. ‘असे म्हटले जाते की पाळणे हे स्त्रियांचे पहिले वाङ्मय होय.’ कोण म्हणतं असं?”

“सगळेच म्हणतात.”

“मी तर नाही म्हणत.”

शलाका हसली. बुवा हसले नाहीत.

“दूधवाला म्हणतो का? शेजारीण म्हणते?”

“तसं नाही... अभ्यासक म्हणतात.”

“अभ्यासकाला आईबापांनी नाव ठेवलेलं नसतं होय?”

शलाकानं पेन्सिलीनं ओळीखाली बारीक रेघ ओढली. मनातून तिला राग आला होता, पण राग गिळायची ती जागा होती.

टेकडीवरच्या मठाच्या ओसरीत दोघं बसले होते. आदल्या दिवशी मठात भंडारा झाला होता. त्यासाठी गावातून आणलेली भांडी घासून अंगणात पालथी घातली होती आणि सकाळच्या उन्हात वाळत पडली होती. खालून गावातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. बाकी सगळं शांत होतं.

शलाका नाईकवडे ऐऱ्यागैऱ्यातली पोर नव्हती. शाळेत पहिली, कॉलेजात पहिली. तिच्या वहीवर कुणी लाल रेघ मारलेली तिला आठवत नव्हती. खोऱ्यातल्या पाळण्यांवर तिनं विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला होता. गावोगाव फिरून, ओल्या बाळंतिणींच्या खाटेपाशी बसून गाणी गोळा केली होती. सोमवारी तो प्रबंध द्यायचा होता. तो वेळेवर गेला तर कॉलेजातली नोकरी पक्की व्हायची. नाही गेला, तर त्या जागेवर दुसरं कुणी येणार होतं.

पण तिच्या मार्गदर्शक धारणकर मॅडम सही करेनात.

“टेकडीवर जा,” मॅडम म्हणाल्या होत्या. “बुवांना वाचून दाखव. ते हो म्हणाले की मी डोळे मिटून सही करते.”

विश्वंभरबुवा काही जन्मापासूनचे बुवा नव्हेत. पूर्वी ते कॉलेजात शिकवायचे. धारणकर मॅडमना त्यांनीच शिकवलं. मग कधीतरी नोकरी सुटली, शहर सुटलं आणि ते ह्या मठात येऊन राहिले. धोतर तेच राहिलं, चष्मा तोच राहिला. फक्त खडू गेला.

आणि खोड गेली नाही, असं शलाकाला वाटलं.

“बुवा, शेवटी यादी आहे की. मी वाचलेलं एकूण एक पुस्तक त्यात आहे. एकही सोडलं नाही.”

“बघू.”

तिनं शेवटची पानं काढून दिली. बुवांनी चष्मा कपाळावर चढवला, मग डोळ्यांवर आणला, मग पुन्हा वर चढवला.

“भरगच्च आहे.”

“आहे ना?” शलाकाला जरा बरं वाटलं.

“वऱ्हाडातल्या सगळ्यांची नावं आहेत,” बुवा म्हणाले. “नवरदेव कोणता, तेवढं कळत नाही.”

“म्हणजे?”

बुवांनी अंगणाकडे हात केला.

“ही भांडी गावातली. कुणाकुणाच्या घरून आणली ते मला तोंडपाठ आहे. यादव, दोघे शिंगाडे, गुरवाचं घर, वरच्या आळीतला सुतार, पलीकडची तांबोळ्याची अमिना. आता तो मोठा टोप कुणाचा ते सांग.”

“मी कसं सांगणार?”

“एवढी नावं सांगितली ना.”

शलाका उठली. टोप सुलटा करून तिनं काठाजवळ ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वाचली.

“सौ. पार्वती धोंडीराम यादव.”

“माझ्या तोंडपाठाचा उपयोग झाला?”

“...नाही.”

“टोप यादवांचा आहे, ते टोपावर पाहिजे. यादवांचं घर कुठल्या आळीत, ते यादीत पाहिजे. दोन्ही पाहिजे. एकानं भागत नाही.”

शलाका परत येऊन बसली. मठाच्या ओसरीत शेणानं सारवलेली जमीन होती. तिचे पांढरे सॉक्स एव्हाना हिरवट झाले होते.

“वाच पुढं,” बुवा म्हणाले.

तिनं वाचलं. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून पाळण्यात मुद्दाम वाईट नाव गुंफतात, दगडू, धोंडू, उकिरडा, असा मजकूर होता. मोठा परिच्छेद होता आणि ओघ चांगला होता. वाचताना तिचाच आवाज तिला गोड वाटला.

“हे कुणाचं?”

“माझं.”

“तुला आपोआप सुचलं?”

“म्हणजे... देवकुळ्यांच्या पुस्तकात आहे तसं. पण मी त्यांचं वाक्य उचललेलं नाही, बुवा. मी शब्द बदललेत. एक शब्द त्यांचा ठेवला नाही.”

“कष्ट घेतलेस.”

“घेतले.”

“लेकराला दुसरं झबलं घातलं...” बुवा म्हणाले, “तर त्याची आई बदलते का गं?”

शलाकानं पेन्सिल उचलली. परिच्छेदाच्या शेवटी पूर्णविराम होता. त्याच्या आधी तिनं कंस केला आणि लिहिलं, देवकुळे.

“देवकुळ्यांची पुस्तकं किती?”

“बरीच आहेत.”

“मग साल घाल. आणि पान?”

“पान कशाला? आपण फक्त मथितार्थ घेतलाय.”

“कुणी तुला सांगितलं, माझी बहीण साताऱ्यात राहते, जाऊन भेट. आणि फोन ठेवला. भेटशील?”

शलाकानं पान घातलं. ते शोधायला तिला पिशवीतलं पुस्तक उपसावं लागलं. कंस पुरा झाला. देवकुळे, १९८४, पृ. ६१. पूर्णविराम कंसाबाहेर राहिला. एवढंसं काम, पण पुस्तकातल्या त्या पानावर तिला एक ओळ दिसली. मागे ती वाचताना निसटली होती, आणि ती तिच्या परिच्छेदाच्या बरोबर उलट सांगत होती. तिनं पुस्तक मिटलं. बुवांनी पाहिलं की नाही, तिला कळलं नाही.

“पुढं?”

पुढं शेजवळ म्हणून जुन्या काळचे अभ्यासक होते. त्यांचं वाक्य तिनं अवतरणात घातलं होतं, नाव होतं, साल होतं, पानही होतं. इथं बुवांना बोट ठेवायला जागा नाही, असं तिला वाटलं.

“शेजवळांचं पुस्तक मिळालं तुला?” बुवांनी डोळे बारीक केले. “मला आयुष्यात मिळालं नाही. कुठल्या ग्रंथालयात आहे?”

शलाका पानं चाळत राहिली.

“कुठल्या?”

“पुस्तक नाही मिळालं... देवकुळ्यांनी त्यांचं वाक्य दिलंय, तिथून घेतलं.”

“पान?”

“तेही देवकुळ्यांनीच दिलंय.”

बुवांनी मान डोलावली. रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

“पाणी विहिरीचं असेल,” ते म्हणाले. “पण तू प्यालीस शेजारणीच्या माठातलं. माठात काय पडलं होतं, तुला काय ठाऊक? माठाचं नाव घे.”

तिनं शेजवळांच्या नावाशेजारी लिहिलं, देवकुळे यांच्या पुस्तकात उद्धृत.

मग बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून.

“माझी आंघोळ व्हायची आहे. तोवर पहिलं प्रकरण नीट कर.”

बुवा आत गेले. शलाका एकटी राहिली. आता मात्र राग वर आला. तिच्या मनात आलं, एवढंच पाहिजे ना, घ्या मग. दारात मिरच्या-लिंबू टांगावेत तसे तिनं पानभर कंस टांगले. प्रत्येक वाक्यापुढं नाव, साल, पान. एक वाक्य मोकळं सोडलं नाही.

बुवा आले तेव्हा त्यांच्या कानात पाणी राहिलं होतं. एका पायावर उभं राहून मान तिरकी करून ते कान झटकत होते. तसंच त्यांनी पान हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं.

“‘पाळण्याला दोऱ्या असतात.’ कंसात देवकुळे.”

शलाकानं खाली पाहिलं.

“देवकुळ्यांनी सांगितलं नसतं तर पडलं असतं का गं लेकरू?”

“तुम्हीच म्हणालात, नाव घाला.”

“‘बाळे रडतात.’ पुन्हा देवकुळे. हे बेणं फारच हिंडलेलं दिसतंय.”

ह्या वेळी दोघंही हसले. शलाकाला हसायचं नव्हतं, पण हसू फुटलं.

“मग कुठं घालायचं आणि कुठं नाही?” तिनं विचारलं.

“जे पोरासोरांना ठाऊक आहे, त्याला साक्षीदार लागत नाही. जे तू कुणाकडून आणलंस, त्याला लागतो. जे तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस...” बुवा थांबले. कान पुन्हा झटकला. “चल, भांडी लावू. बाया येतील न्यायला.”

“आणि प्रबंध?”

“पळून जात नाही.”

सोमवार मात्र पळत येत होता. पण बुवा अंगणात उतरले, तेव्हा तिलाही उतरावं लागलं.

ती नावं वाचत होती, बुवा ढीग करत होते. यादवांचा टोप, त्यावर यादवांचीच परात. शिंगाड्यांच्या कळश्या दोन घरांच्या होत्या, पण एकीवर थोरल्याचं नाव, एकीवर धाकट्याचं, त्यामुळे भांडण नव्हतं. तांबोळ्यांच्या डेगचीवर अमिनाबीच्या सासूचं नाव होतं. सासू जाऊन जमाना झाला, पण डेगची अजून तिचीच होती. काम भराभर होत होतं. शलाकाला बरं वाटायला लागलं होतं.

परातीखालून एक बोंडलं निघालं.

लहान मुलाला दूध पाजायचं, चोच काढलेलं, पितळी, तळहातात मावेल एवढं. भंडाऱ्याच्या टोप-परातींमध्ये ते कुठून आलं कोण जाणे. तिनं ते फिरवून फिरवून पाहिलं.

“ह्याच्यावर नाव नाही, बुवा.”

“बघू... नाही खरं.” त्यांनी ते उन्हात धरलं. “घाट सुरेख आहे. आत ठेव फळीवर.”

“मठात?”

“नाव नाही ना. मग मठाचंच.”

“मठात कुठं लेकरू आहे?”

“नसू दे. चिंच लावून घासलं की झळकेल. येणारे-जाणारे म्हणतील, मठातलं बोंडलं काय देखणं आहे.”

शलाकानं बोंडलं आत नेलं नाही. हातातच धरून उभी राहिली.

“असं कसं, बुवा?”

“काय झालं?”

“नाव नाही म्हणून आपलं होतं का ते? कुणाच्या तरी घरातलं आहे. कुणीतरी त्यातून रोज लेकराला पाजत असेल. आत्ता ते रडत असेल, आणि ती बाई घर पालथं घालत असेल. ज्याचं आहे त्याला शोधून द्यायला पाहिजे.”

एवढं बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपण बुवांना जास्तच बोललो.

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खाली वाकून शिंगाड्यांची कळशी सरळ केली. ती सरळच होती.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. गावातली सुगंधा वर आली. कडेवर वर्षाच्या आतलं पोर, पदर खांद्यापासून कमरेपर्यंत ओला.

“बुवा, माझं बोंडलं आलंय का हो इकडं?” ती धापा टाकत म्हणाली. “सकाळधरनं चमच्यानं पाजतेय. एक घोट पोटात, चार घोट माझ्या पदरावर.”

“कसं ओळखशील तुझं?”

“चोचीपाशी चेमटलंय. ह्या बाबानं जमिनीवर आपटलं. कालपण ह्यानंच टाकलं असणार परातीत. हाताला लागेल ते टाकतो.”

शलाकानं पाहिलं. चोचीपाशी चेमटलेलं होतं. तिनं बोंडलं पुढं केलं. पोरानं ते आधी हिसकलं आणि तोंडात घातलं. रिकामं होतं, तरी चोखत राहिलं.

“सुगंधाताई, ह्यावर नाव का नाही घातलं?” शलाकानं विचारलं.

“आता बोंडल्यावर कुणी नाव घालतं का ताई? घरातल्या घरातली वस्तू. आईनं दिली, मी घेतली. ती कधी उंबऱ्याबाहेर जाईल असं वाटलं का कुणाला?”

ती गेली. पायऱ्या उतरताना पोराला काहीतरी सांगत होती. आवाज खाली खाली जात राहिला.

बुवा ओसरीत येऊन बसले.

“तिसरं प्रकरण काढ.”

शलाकानं काढलं.

“पहिलं वाक्य वाच.”

हे वाक्य तिला वाचायची गरज नव्हती. चर्चासत्रात ह्याच वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मुद्दाम उठून तिच्याजवळ आले होते आणि म्हणाले होते, पोरी, ह्या एका वाक्यासाठी प्रबंध वाचावा. सगळं तिसरं प्रकरण त्याच वाक्यावर उभं होतं. खरं म्हणजे सगळा प्रबंधच.

ती म्हणाली, “‘पाळणा बाळासाठी नसतो, आईची भीती निजावी म्हणून असतो.’”

बुवांनी डोळे मिटले होते.

“पुन्हा वाच.”

तिनं पुन्हा वाचलं. ह्या वेळी आवाज तेवढा चढला नाही.

“कुणाचं?”

“माझं.”

“बरं,” बुवा म्हणाले.

आणि गप्प बसले.

शलाकाला वाटलं, आता काहीतरी विचारतील. झबल्याचं काढतील, माठाचं काढतील. तिची उत्तरं तयार होती. पण बुवांनी काहीच विचारलं नाही. ते अंगणाकडे बघत बसले. परातीखालची ओली गोल खूण उन्हात सुकत चालली होती.

“पुस्तकात कुठंच नाही हे वाक्य,” शलाका म्हणाली. “शोधून बघा हवं तर.”

“बरं.”

“छापलेलंच नाही कुठं.”

“बरं म्हटलं ना.”

...

कल्याणीचं घर म्हणजे दोन खोल्या. शलाका तिथं बाळ बघायला गेली होती, झबलं-टोपडं घेऊन. कल्याणी खवरे आणि ती, दोघींनी एकत्रच नाव नोंदवलं होतं विद्यापीठात. विषय शेजारशेजारचे, खोली एक, डबा एक. मग कल्याणीला दिवस गेले, मग बाळ झालं, मग बाळ सारखं आजारी. अभ्यास राहिला तो राहिलाच.

त्या दिवशी बाळाला ताप होता. कल्याणी पाळण्याची दोरी ओढत होती आणि गात होती. बाळ केव्हाच झोपलं होतं. तरी ती गात होती. थांबेचना.

“अगं, निजला की तो,” शलाका म्हणाली होती.

“ठाऊक आहे,” कल्याणी म्हणाली. दोरी तिनं सोडली नाही. “त्याच्यासाठी नाही म्हणत मी. माझी भीती निजत नाही म्हणून म्हणतेय.”

शलाका घरी आली आणि हातपाय न धुता लिहायला बसली.

...

“बोलता बोलता म्हणाली होती,” शलाका म्हणाली. बुवांनी विचारलं नव्हतं. “मैत्रीण आहे माझी. तिला आता आठवतही नसेल.”

बुवांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला.

“तिनं तर अभ्यास सोडला, बुवा. तिला ते लागणार नव्हतं. मी गावोगाव हिंडले. गाणी मी जमवली. त्या वाक्याचं मी प्रकरण केलं. तिच्याकडं ते नुसतं पडून राहिलं असतं.”

“हिंडलीस. खरं आहे.”

“मग?”

“मग काय?”

“तिचं नाव तिथं घातलं तर प्रकरणाचं पहिलंच वाक्य तिचं होतं. परीक्षक म्हणतील, ह्या बाईचं मग काय आहे ह्यात?”

“म्हणतील,” बुवा म्हणाले.

तिला वाटलं होतं ते म्हणतील, नाही गं, तसं कुणी म्हणणार नाही. ते तसं म्हणाले नाहीत.

एक चिमणी ओसरीत आली, पिशवीतल्या पुस्तकावर बसली, गेली. शलाकानं पेन्सिल हातात घेतली. खाली ठेवली. पुन्हा घेतली.

“बोललेल्याचा कंस कसा करतात?”

“नाव. प्रत्यक्ष संभाषण, असं लिहायचं. कुठं झालं, कधी झालं. यादीत जात नाही ते. मजकुरातच राहतं.”

“म्हणजे शेवटी कुठंच तिचं नाव येणार नाही? फक्त त्या एका जागी?”

“फक्त त्या एका जागी. तिथंच नाही घातलं तर कुठंच नाही.”

शलाका लिहायला वाकली.

“आधी तिला विचारायचं असतं,” बुवा म्हणाले. “जिवंत माणूस आहे.”

मठाच्या मागच्या कठड्यापाशी फोनला रेंज येते, असं बुवांनी सांगितलं. शलाका तिथं जाऊन उभी राहिली. नंबर काढला. दोन-तीनदा लावता लावता राहिली. सोमवार, नोकरी, चर्चासत्रातले ते गृहस्थ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि कल्याणी नको म्हणाली तर... किंवा रागावली तर. किंवा रडली तर.

फोन लागला.

“बोल गं, लवकर बोल,” कल्याणी म्हणाली. मागं कुकरची शिट्टी झाली. “हा कुठल्याही क्षणी उठेल.”

शलाकानं सांगितलं. आधी भंडाऱ्यापासून सुरू केलं, मग लक्षात आलं की आपण टाळतोय. मग नीट सांगितलं. टाळ्यांचंही सांगितलं.

पलीकडं भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

“मी म्हणाले होते असं?” कल्याणी म्हणाली.

“हो.”

“...बाई. चांगलं म्हणाले की मी.”

“आठवत नाही तुला?”

“ताप आठवतो. बाकी काही नाही.” कल्याणी थांबली. “आणि तू ते वर्षभर स्वतःच्या नावावर फिरवलंस.”

“हो.”

“टाळ्या कितपत होत्या?”

“बऱ्याच.”

“हं.”

कुकर पुन्हा वाजला. कल्याणीनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“घाल माझं नाव,” ती म्हणाली. “पण सासरचं आडनाव नको. खवरे घाल. अभ्यासाला मी खवरेच होते.”

मागं बाळ रडलं. तिनं फोन ठेवला. ठेवते म्हणालीसुद्धा नाही.

शलाका ओसरीत आली. बुवांनी मान वर केली नाही. तिनं तिसरं प्रकरण उघडलं आणि पहिल्या वाक्यापुढं, पूर्णविरामाच्या आधी, कंस केला. आत लिहिलं, कल्याणी खवरे, प्रत्यक्ष संभाषण. मग गाव घातलं. मग तारीख. तारीख तिला बरोबर आठवत होती. वाक्य आपलंच आहे असं म्हणणाऱ्या माणसाला ती तारीख आठवायला नको होती.

मग तिनं पान बुवांपुढं सरकवलं.

बुवांनी वाचलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

“सोमवारी देऊन टाक. धारणकर सही करेल.”

“तुम्ही काही लिहून देता?”

“तुझ्या पानांवर दिसेलच तिला.”

काम झालं होतं. उठायला हरकत नव्हती. गाडी खाली पारापाशी थांबत होती आणि वेळही झाली होती. शलाकानं पुस्तकं पिशवीत भरली. प्रबंधाची पानं सारखी केली. सारखी करता करता ती थांबली आणि पहिल्यापासून पुन्हा चाळायला लागली. इथं देवकुळे, त्यांची ती उलटी ओळही आता शेजारी टिपलेली. इथं शेजवळ, देवकुळ्यांच्या माठातले. इथं कुणी बाळंतीण, गावासकट. इथं कल्याणी. पान उलटावं तिथं कुणाचं तरी नाव. घरभर पाहुणे आणि आपल्याला टेकायला जागा नाही, तसं तिला झालं.

“बुवा...”

“हं?”

“ज्याचं त्याला दिलं सगळं. मग ह्यात माझं काय उरलं?”

बुवांनी ह्या वेळी तिच्याकडे नीट पाहिलं.

“हे कुठं वाचलंस?”

“कुठं नाही.”

“तिनं विचारलं? त्या मैत्रिणीनं?”

“नाही.”

“धारणकर म्हणाली होती?”

“नाही, बुवा. कुणीच नाही.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला, शलाका उठली नाही. तो दुसऱ्यांदा वाजला, मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

बुवांनी कोऱ्या पाठपोटाचा एक कागद तिच्यापुढं ठेवला.

“मग हा प्रश्न इथं लिही. ह्याच्यापुढं कंस करू नकोस.”